अभयाचा पैस

वैशाखातल्या एका दुपारी, नेवाशाच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर, माझी नात एक मोठा ताव जमिनीवर पसरून, त्याच्या चार कोपऱ्यांवर वरवंट्यापासून अडकित्त्यापर्यंत हाताला येईल ते वजन ठेवून, प्रवासाचा आराखडा लिहीत बसली होती. मूळ बेत ताडोब्याचा होता. राष्ट्रीय उद्यान पाहायचे तर महाराष्ट्रातले सर्वांत जुने, १९५५ साली घोषित झालेले, तेच पाहावे अशी माझ्या मुलाची इच्छा, परंतु चंद्रपूरपर्यंतची मजल, विदर्भातले मे महिन्याचे ऊन आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या प्रकृती यांचा ताळा मांडल्यावर तो बेत आपोआप मागे पडला, आणि नातच म्हणाली, "आबा, आपल्याच जिल्ह्यात अभयारण्य आहे की. आपली नदी जिथून निघते, तिथंच."

तिचे म्हणणे खरे होते. आमच्या गावावरून वाहणारी प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते, सह्याद्रीच्या पायऱ्या उतरत अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या तालुक्यांतून सुमारे दोनशे किलोमीटर वाहत येते, आणि आमच्या गावापासून जवळच, टोक्याच्या संगमावर, गोदावरीत आपले नाव सोडून देते. जन्मापासून जिचे पाणी प्यालो, जिच्या घाटावर वडिलांच्या अस्थी हातांनी सोडल्या, तिचा उगम मी सत्तरी ओलांडली तरी पाहिलेला नव्हता; आणि ही गोष्ट एका विद्यार्थिनीने सहज बोलता बोलता माझ्या ध्यानात आणून द्यावी याची मला मनापासून लाज वाटली. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाने तिच्या काठाकाठाने वर चढत उगमापर्यंत जावे, हा बेत त्या क्षणी माझ्या मनाने स्वीकारला.

मार्ग ठरायला वेळ लागला नाही. नेवाशाहून टाकळीभान, श्रीरामपूर, बाभळेश्वर, लोणी, संगमनेर. तेथून प्रवरेच्या खोऱ्यात शिरून अकोले, राजूर, रंध्याचा धबधबा, भंडारदऱ्याच्या धरणाशी शेंडी. आणि जलाशयाला वळसा घालून रतनवाडी, जेथे अमृतेश्वराचे दगडी देऊळ आहे. या प्रदेशातून जाणारा माणूस एका जिल्ह्यात दोन देश पाहतो. पाथर्डी-जामखेडकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम हद्दीवरच्या घाटघरला तो पाच हजारांच्या घरात. श्रीरामपूरच्या पुढे दुतर्फा ऊस, मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा परिसर, संगमनेरनंतर हळूहळू वर उठणारे डोंगर, अकोल्याला नदीकाठी अगस्तीचा आश्रम, आणि राजूर सोडले की हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा यांची दाटी. नातीने हा सगळा तपशील ताशी वेगासह, मुक्कामांसह, पेट्रोलच्या अंदाजासह आणि वनखात्याच्या नाक्यावर भरायच्या प्रवेशशुल्कासह, जुन्या काळच्या कुलकर्ण्याच्या दप्तराला शोभेल अशा टापटिपीने उतरवून काढला, आणि तावाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले: अभयारण्याची सहल.

त्या मथळ्याशी मी अडलो. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हे दोन शब्द कायद्यात शेजारी शेजारी बसलेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने दोहोंना अर्थ दिला आणि भेद असा ठेवला की उद्यानाच्या हद्दीत माणसाचे चराईचे आणि वहिवाटीचे हक्क उरू नयेत, अभयारण्यात मात्र त्यांतले काही चालू राहू शकावेत. परंतु कायद्याच्या आधी शब्द असतो आणि शब्दाला स्वतःची स्मृती असते. उद्यान म्हटले की राजाने विहारासाठी राखलेली जागा डोळ्यांसमोर येते. तो शब्द पाहायला येणाऱ्याच्या बाजूने बोलतो. अभयारण्य हा शब्द तेथे राहणाऱ्याच्या बाजूने बोलतो, आणि पाहायला येणाऱ्याला एक प्रश्न विचारतो, की बाबा रे, ज्या ठिकाणी कोणाला भय नसावे असा सगळ्यांनी मिळून निश्चय केला आहे, तेथे तू काय घेऊन येणार आहेस?

हा शब्द आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अभयवनाचा उल्लेख आहे, आणि तेथल्या मृगांना, पक्ष्यांना, माशांना बांधणाऱ्या वा मारणाऱ्यासाठी सर्वांत वरच्या श्रेणीचा दंड सांगितलेला आहे. म्हणजे राज्यकर्त्याला अभय हे देण्याची वस्तू आहे आणि ती देण्याचे साधन दंड आहे, एवढे दोन हजार वर्षांपूर्वीही उमगलेले होते. पण त्याच्याही आधी अरण्यात बसलेल्या ऋषींनी या शब्दाचा तळ गाठला होता. बृहदारण्यक उपनिषदात एक विलक्षण प्रसंग आहे. आरंभी एकटाच असलेला तो आत्मा भ्याला. म्हणून आजही एकट्या माणसाला भय वाटते, असे ऋषी सांगतो. मग त्याने विचार केला, की माझ्यावाचून दुसरे काही नाहीच तर मी भितो कोणाला, आणि त्याचे भय निघून गेले, कारण भय उपजते ते दुसऱ्यापासून. त्याच उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला, तू अभयाला पोहोचलास, असे सांगतो, आणि राजा त्यावर आपले सगळे राज्य त्याच्यापुढे ठेवतो. संन्यास घेणाऱ्याने घर सोडताना जे शेवटचे दान करायचे तेही हेच, की माझ्यापासून कोणत्याही भूतमात्राला भय नसो. घरदार, धान्य, भांडीकुंडी सगळे देऊन झाल्यावर, आता देण्यासारखे काही उरले नाही असे वाटते तेव्हा, हे एक देणे उरलेले असते आणि तेच सर्वांत जड असते.

आता हे सगळे मी नेवाशात बसून लिहितो आहे याला माझ्या लेखी काही अर्थ आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांची जी मालिका येते, तिचा आरंभ अभय या शब्दाने होतो, आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी त्या शब्दाचे विवरण केले ते आमच्या गावाबाहेर, ज्या खांबाला टेकून त्यांनी ग्रंथ सांगितला असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो, त्या खांबापाशी. देऊळ गेले, खांब राहिला, आणि नंतर त्या खांबाभोवती नवे देऊळ उभे राहिले. लोक त्याला पैसाचा खांब म्हणतात. दुर्गा भागवतांनी आपल्या एका ललितलेखसंग्रहाला पैस हेच नाव दिले आणि महाराष्ट्राला तो शब्द पुन्हा नव्याने ऐकू आला. पैस म्हणजे मोकळी, विस्तीर्ण जागा. लहानपणी मला वाटे की त्या खांबापुढे मोकळे पटांगण होते म्हणून हे नाव पडले असेल. पुढे सोळावा अध्याय वाचताना अभयाच्या विवरणापाशी मी थबकलो. मीपणाला डोके वर काढू दिले नाही की संसाराची धास्ती उरत नाही, असे ज्ञानदेव प्रथम सांगतात. आणि मग सांगतात की दुसरे म्हणून जे दिसते ते आपणच आहोत असे जाणण्याचा जो ऐक्यभाव, त्याच्या विस्ताराने भयाची वार्ताच दूर देशी घालवून द्यावी. तेथे विस्तार या अर्थाने त्यांनी जो शब्द योजला आहे तो पैस हाच. आपल्या गावच्या खांबाचे नाव अभयाच्या व्याख्येत बसलेले पाहून मला जे वाटले ते मी कधी कोणाला नीट सांगू शकलो नाही. मन आखडले की दुसरा जवळ येतो आणि त्याचे भय वाटते. मनाला पैस मिळाला की दुसऱ्यालाही त्यात जागा होते.

तर प्रश्न असा होता, की सहल या गोष्टीला अशा ठिकाणी जागा आहे काय? केवळ डोळ्यांच्या सुखासाठी प्रवास करणे हा दोष आहे असे मी मानत नाही. सृष्टीचे सौंदर्य पाहण्याची इच्छा ही वासना आहे म्हणून ती दाबावी, असे म्हणणारे विरक्त पुष्कळ झाले. परंतु ज्यांनी विश्वालाच देवाचे रूप मानले त्यांच्या परंपरेत डोळे मिटण्यापेक्षा डोळे उघडण्यालाच अधिक मान आहे. माझी शंका निराळी होती. आपण देवदर्शनाला जातो तेव्हा आपली अशी श्रद्धा असते की आपण देवाला पाहतो तसा देवही आपल्याला पाहतो, आणि त्या पाहिले जाण्याच्या जाणिवेने आपण पायांतली पायताणे काढतो, आवाज खाली आणतो, हात जोडतो. रानात शिरताना हीच जाणीव आपल्यापाशी का नसते? झाडावरचा शेकरू आपल्याला पाहून एका फांदीवरून दुसरीवर झेप घेतो, तेव्हा त्याच्या दृष्टीला आपण कसे दिसलो याचा विचार करणारा प्रवासी मला क्वचित भेटला. शिकाऱ्याने बंदूक टाकून कॅमेरा घेतला हे चांगलेच झाले. पण पाहायचेच, आजच पाहायचे, पैसे मोजले आहेत म्हणून पाहायचे, ही ओढ पुष्कळदा शिकारीचीच असते आणि भिणाऱ्या जिवाला दोहोंतला फरक कळत नाही.

हे मी नातीला जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितले. तिने ऐकून घेतले, पेन्सिल कानावर अडकवली आणि म्हणाली, "मग जायचंच नाही का, आबा?"

या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी तिथीचा वाद निघाला. तिला जायचे होते ते मुख्यतः काजव्यांसाठी. मे महिन्याच्या अखेरीपासून पहिला मोठा पाऊस बसेपर्यंत, जेमतेम दोन-तीन आठवडे, भंडारदरा, घाटघर, रतनवाडी या पट्ट्यात हिरडा-बेहड्याची, सादड्याची झाडेच्या झाडे काजव्यांनी उजळतात. हा जीव वर्षाचा मोठा भाग मातीत, पालापाचोळ्यात, अळीच्या रूपाने गोगलगाई खाऊन काढतो, आणि पंख फुटल्यावर त्याला जे थोडे दिवस मिळतात त्यांत प्रकाशाच्या खुणेने आपला जोडीदार शोधतो. नर उडता उडता चमकतो, मादी आपल्या जागेवरून उत्तर देते. आपल्या भाषेने या किड्यावर मोठा अन्याय केला आहे. सूर्यापुढे काजवा म्हणून त्याला क्षुद्रतेचे उपमान केले, डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून त्याला घेरीच्या पदरात बांधले. सूर्याला कोणाला हाक मारायची नसते. काजव्याच्या उजेडात हाक असते आणि तिला उत्तर येते, ही गोष्ट आपल्या कवींच्या ध्यानात यायला हवी होती.

काजवे पाहायला काळोख हवा, म्हणून नातीने पंचांग उघडून वैशाख अमावास्येभोवतीचे तीन दिवस निवडले होते. माझ्या पत्नीने ऐकताच हात जोडले. "अमावास्येला घरातून गाडी काढायची? माझ्या जन्मात असं कधी झालं नाही." अमावास्येच्या तोंडावर प्रस्थान ठेवू नये हा संकेत आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा, शिवाय ती वैशाखातली अमावास्या, म्हणजे शनिजयंती, आणि शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यात, तेव्हा त्या दिवशी आसपासच्या रस्त्यांवर वाहनांची रीघ लागलेली असणार हेही तिचे म्हणणे रास्त होते. शेवटी द्वादशीला निघावे, अमावास्येला रतनवाडीत असावे आणि प्रतिपदा ओलांडून परतावे, अशी तोड निघाली. दोघींचेही समाधान झाले.

पण शिंगणापूरचे नाव निघाले आणि माझा विचार पुन्हा मूळ वाटेवर आला. ज्या गावातली घरे दारांवाचून, कुलपांवाचून नांदत आली म्हणून सगळा देश त्याचे नाव घेतो, ते गाव माझ्या घरापासून थोड्या अंतरावर आहे. मी लहानपणापासून ते पाहत आलो आणि त्यात अभयाचे एक दृश्य रूप मानत आलो. चौकट आहे आणि तिला कवाड नाही, हे पाहताना मनाला खरोखर पैस मिळतो. मात्र त्याच्या मुळाशी काय आहे, याचा विचार मी टाळत होतो. चोरी करणाऱ्याला देव शासन करील हे भय तेथे कुलपाचे काम करते. कौटिल्याच्या अभयवनाभोवती दंडाचे भय होते. आजच्या अभयारण्याभोवती कायद्याचे, दंडाच्या पावतीचे, कैदेचे भय आहे. म्हणजे ज्याला आपण अभय म्हणतो ते बहुतेक ठिकाणी एकाचे भय काढून दुसऱ्याच्या मनात ठेवलेले असते. मी याला हलके लेखत नाही. भित्र्या जिवाला त्याचे रक्षण कोणत्या कारणाने झाले याची पर्वा नसते. शेकरू वाचला तो वनरक्षकाच्या धाकाने वाचला की आपल्या करुणेने, हे शेकरूला सारखेच. परंतु वाचवणाऱ्याच्या दृष्टीने ते सारखे नाही. धाकाने थांबलेला हात धाक उठताच पुन्हा पुढे होतो. ज्ञानदेवांनी जे अभय सांगितले त्याला पहारेकरी लागत नाही, कारण ज्याच्यापासून दुसऱ्याला जपायचे तो दुसराच तेथे उरलेला नसतो.

आणि तरीही हे लिहिताना माझी लेखणी अडखळते, कारण अभयाविषयी सुखाने बोलण्याचा अधिकार आमच्या या भागात कोणालाही सहज मिळत नाही. आमच्या उसात बिबट्या आहे. अकोले तालुक्यात, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, दाट वस्तीच्या बागायती पट्ट्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला तेव्हा शंभर चौरस किलोमीटरांत पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले. म्हणजे माणसांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर ते जन्मतात, पिले वाढवतात आणि पुष्कळदा कोणाच्या दृष्टीसही न पडता मरतात. पण पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे. रात्रीच्या पाळीला वीज आली म्हणून दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला, झोपडीबाहेर लेकरू निजवून ऊस तोडणाऱ्या बाईला जे भय वाटते, त्याला उपनिषदातल्या अद्वैताने उत्तर देणे मला निर्दयपणाचे वाटते. मी एवढेच स्वतःला सांगू शकतो: पूजेच्या संकल्पात आपण देशकालाचा उच्चार करतो तेव्हा आजही आमच्याकडचे पुरोहित आपण दंडकारण्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहोत असे म्हणतात. आम्ही अरण्यात राहतो हे आम्ही प्रत्येक शुभकार्यात तोंडाने कबूल करत आलो. अरण्याचा मालक आपण आहोत असे मात्र त्या संकल्पात कोठेही नाही.

संकल्पाची ही आठवण झाली आणि नातीच्या तावाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आराखडा आणि संकल्प यांत साम्य पुष्कळ आहे. दोहोंत ठिकाण सांगायचे, वेळ सांगायची, काय करणार ते सांगायचे. बेत आखल्याने भक्ती उणावते असे मी मुळीच मानत नाही. पंढरीच्या वारीइतका काटेकोर बेत कोणत्या सहलीला असतो? त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून जाते. तिचे मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला. पण वारकऱ्याच्या बेतात काय मिळणार याच्या नोंदी नसतात, काय पाळायचे याच्या असतात. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्माला तीर्थांची वाट सांगतात, आणि ती सांगण्यापूर्वी हे सांगतात, की ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे त्यालाच तीर्थाचे फळ लाभते. तीर्थाच्या यादीपूर्वी यात्रिकाची अट येते, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. घर सोडण्यापूर्वीच ही अट का? कारण एकदा रानाच्या तोंडाशी पोहोचलो, अंधार पडला, झाड उजळले, मुले ओरडली, की मग सवय आपले काम करते आणि विवेकाला कोणी विचारत नाही. जे सोडायचे ते ओसरीवर बसूनच सोडावे लागते.

त्या संध्याकाळी मी नातीला म्हणालो, "जायचं. पण तुझ्या कागदात काय पाहायचं ते पानभर आहे, काय करायचं नाही ते कुठंच नाही."

तिने ताव उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. तिला जे सुचत गेले त्यातले निम्मे मला सुचले नसते. गाडी दिवसाउजेडी शेंडीला लावून टाकायची, कारण गाडीच्या दिव्यांच्या झोतात काजव्याची खूण बुडते आणि त्याला मिळालेल्या थोड्या रात्रींपैकी एक वाया जाते. रतनवाडीपर्यंत गावातल्याच कोणाच्या जीपने सूर्यास्तापूर्वी जायचे. विजेरीला लाल कागद बांधायचा आणि तीही फक्त आजीच्या पायांपुढे. फोटो काढायचा नाही. यावर माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, थोडा विरोध केला. अंधारात फोटो येतच नाही म्हणून त्याचे समाधान करता आले असते, पण तिने ते केले नाही, तो येत असता तरीही काढायचा नव्हता असे सांगितले. गवतात, झाडाखाली पाय टाकायचा नाही, मळलेल्या वाटेवरच उभे राहायचे, कारण मादी बहुधा खालीच असते. जिथे गर्दी आहे त्या झाडापाशी थांबायचे नाही. एकही काजवा दिसला नाही तरी दुसऱ्या रात्री पुन्हा शोधत फिरायचे नाही. हा शेवटचा नियम तिने लिहिला तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला होता, हे मी पाहिले.

मग मी त्यात माणसांची गोष्ट घातली. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले, परंतु महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्या तेथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि गव्हर्नर विल्सनचे नाव त्याला लागले. त्या धरणाचे पाणी कालव्यांनी खाली आले, खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, शाळा-कॉलेजे उभी राहिली. आमच्या घरातली सुबत्ताही त्याच पाण्यावरची आहे. आणि ज्या डोंगरांवर हा सगळा पाऊस पडतो, तेथल्या कित्येक वाड्यांतल्या बायका मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात. रानातल्या पाखराला अभय देण्याचा नियम करताना हिरडा गोळा करून वर्षाची बेगमी करणाऱ्या माणसाला, उद्या ही वहिवाट राहील की जाईल, या भयात ठेवले गेले, तर त्या अरण्याला अभयारण्य कोणत्या तोंडाने म्हणायचे, हा प्रश्न मी टाळू शकत नाही. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोनला झाले, तेव्हा तेथल्या मूळच्या लोकांना त्यातून दूर व्हावे लागले; उद्यान या शब्दाची ती एक जुनी जखम आहे. आमच्याकडे निदान शब्द तरी निराळा आहे. त्या शब्दाला जागणे हे आमच्याकडे लागते.

म्हणून मुक्काम हॉटेलात न ठेवता रतनवाडीतल्या एका घरी ठेवायचा, जेवणाचे, राहण्याचे ते सांगतील ते द्यायचे, घासाघीस करायची नाही, हेही त्या कागदावर उतरले. माझी पत्नी आतापर्यंत लसूण सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "आणि पाणी? पाच माणसं दोन दिवस त्यांच्या हंड्यातलं पाणी पिणार?"

तिच्या या प्रश्नापुढे मला माझे सगळे चिंतन थिटे वाटले. यादीत खायचे होते, पांघरूण होते, औषधे होती, सावलीसाठी छत्री होती. पाणी वाटेत कोठेही मिळेल म्हणून कोणी लिहिलेच नव्हते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, एकादशीला, आम्ही मागच्या अंगणातल्या विहिरीवर वीस-वीस लिटरचे चार कॅन भरले. आमची विहीर नदीकाठची आहे. धरणातून नदीला पाणी सोडले की तिची पातळी चढते आणि आवर्तन संपले की उतरते, म्हणजे तिच्या पाझरात रतनगडाचाच पाऊस असतो. वर डोंगरात पडलेले, धरणात अडलेले, दोनशे किलोमीटर उतरून आमच्या विहिरीत आलेले ते पाणी आता गाडीत बसून पुन्हा उगमाकडे निघाले होते. नातीने कॅनची झाकणे घट्ट केली, प्रत्येकाखाली गोणपाटाची घडी घातली, आणि तावाच्या मागल्या बाजूला, सगळ्या नियमांच्या खाली, तारीख-वार घालून नोंद केली: पाणी ८० लिटर, नेवासे ते रतनवाडी. मग वर पाहून म्हणाली, "आबा, यातलं थोडं अमृतेश्वराला वाहायचं का?" तिच्या आजीने माझ्याऐवजी उत्तर दिले, की आधी घरातल्या बाईला विचारू, तिला पुरून उरलं तर वाहू.